आकडा टाकणारे आणि आकडा वाचणारे

आमच्या खान्देशात 'आकडा' म्हटलं की आधी आठवतो तो तारेवर टाकायचा, मग मटक्याचा, आणि गणितातला आठवलाच तर सगळ्यांत शेवटी. दिवेलागणीला बांबूच्या टोकाला बांधलेली वायर वर जाते, एक ठिणगी उडते आणि घरात मालिका सुरू होते. लग्नसराईत तर मांडवाच्या रोषणाईसाठी आकडा टाकणाऱ्या पोराला आहेर करायचाच काय तो बाकी राहतो. वायरमन गावात शिरायच्या आत त्याच्या येण्याची बातमी पोचलेली असते. बांबू सपरात, वायर पलंगाखाली.

चोरी ती चोरीच. तिचा भार त्याच डीपीवरच्या, मुकाट बिल भरणाऱ्या शेजाऱ्यावर पडतो, आणि डीपी जळाली की पुढे कित्येक दिवस दोघंही अंधारात बसतात. पण आज मला चोरीवर बोलायचं नाही. ज्या हाताला काळोखात चालू फेज अचूक सापडते, त्या हाताला वीजबिलाची मागची बाजू उलटून पाहावीशी वाटत नाही, हे माझं दुखणं आहे. अडाणीपणा म्हणावा तर तसंही नाही. घरात डिप्लोमा झालेला मुलगा असतो, गणित घेऊन बीएस्सी झालेली सून असते. बिल मात्र आल्या दिवशी दाराजवळच्या तारेच्या आकड्यात टोचलं जातं आणि तिथेच पिवळं पडतं.

कापूस आणि केळीइतकंच वीज हेही जळगाव-धुळ्याचं पीक आहे, हे आपण कधी लक्षातच घेतलं नाही. भुसावळजवळ दीपनगरची धुराडी साठच्या दशकाच्या अखेरीपासून धूर सोडताहेत. तिथे आधी एक छोटा संच होता, मग २१० मेगावॉटचे दोन आले, मग ५०० चे दोन, आणि आता ६६० चा. पाणी तापीचं, हतनूर धरणातलं. राख वेल्हाळ्याच्या बंडात. तिकडे पश्चिमेला साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत, आणि त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून चालू आहे. जमीन आपली, पाणी आपलं, वारा आणि ऊनही आपलं. आपल्या पोरांच्या वाट्याला बहुतेकदा काय येतं? गेटवरची शिट्टी, पॅनेल पुसायचं फडकं आणि राखेचा डंपर. यातल्या कुठल्याच कामाची मला लाज वाटत नाही. हिशोबाच्या खोलीत आपलं माणूस नाही, याची वाटते.

तो हिशोब काही ब्रह्मविद्या नव्हे. ६६० मेगावॉटचा संच पूर्ण ताकदीने चोवीस तास चालला तर वीज होते १ कोटी ५८ लाख युनिट. आपल्याकडच्या कोळशावर नव्या संचाला एका युनिटमागे साधारण सहाशे ग्रॅम कोळसा धरा. म्हणजे दिवसाला साडेनऊ हजार टन, मालगाडीच्या भाषेत जवळजवळ अडीच गाड्या. या कोळशात तिसरा हिस्सा राखेचा असतो, म्हणजे रोज तीन हजार टन राख. वीस टनी डंपर धरला तर दीडशे खेपा. सातवीतला पोरगा पाच मिनिटांत करील एवढंच हे गणित. पण ज्याने ते घरी करून आणलंय, तो जनसुनावणीत उभा राहून "साहेब, राख फार उडते" एवढंच बोलून खाली बसत नाही. तो विचारतो, दीडशेपैकी सिमेंटवाल्यांकडे किती खेपा गेल्या आणि बंडात किती पडल्या? पहिल्या वाक्यावर साहेब मान डोलावतात. दुसऱ्यावर त्यांना फाईल मागवावी लागते.

उन्हाचंही तसंच. भुसावळचा पारा ४५ च्या वर गेला की पारावरची मंडळी म्हणतात, आता सोलर पंप कसा धो धो पाणी ओढेल बघा! प्रत्यक्षात पॅनेलला उजेड हवा असतो, उकाडा नको असतो. पॅनेलवर लिहिलेली ताकद २५ अंश तपमानाला मोजलेली असते. त्यापुढे दर अंशाला तिच्यातून साधारण ०.३५ टक्के गळतात. मे महिन्याच्या दुपारी काच ६५ अंशांपर्यंत तापते. चाळीस अंश जास्त, म्हणजे चौदा टक्के गेले. पाच एचपीच्या पंपाला जोडलेली ४८०० वॉटची पॅनेलं त्या घटकेला ४१०० च्या आसपास येतात, वरची धूळ वेगळीच. हे माहीत नसलं की पंपाला नावं ठेवायची, कंपनीला शिव्या द्यायच्या आणि मेकॅनिकला दोनशे रुपये द्यायचे. माहीत असलं की सकाळी काच धुवायची आणि पाणी दुपारच्या आधी भरून घ्यायचं.

आता जरा अवघड जागेकडे येतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सरकार भाडेपट्ट्याने जमीन घेतं. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दर वर्षी तीन टक्के वाढ. कोरडवाहू बरड जमिनीला हा भाव ऐकून माणूस हुरळतो, आणि त्यात त्याची चूक नाही; कापसाने त्याला तेवढे कधी दिलेले नसतात. पण सही करण्याआधी पोराला म्हणावं, तुझ्या मोबाइलमधल्या एक्सेलमध्ये हे मांड. तीन टक्क्यांनी पंचविसाव्या वर्षी भाडं होतं २ लाख ५४ हजार. महागाई सहा टक्के धरली तर आजच्या सव्वा लाखाची किंमत टिकवायला त्या वर्षी ५ लाख ६ हजार लागतील. म्हणजे नातू भाडं घेईल तेव्हा ते निम्म्यावर आलेलं असेल. दुसरा स्तंभ मांडा. एका मेगावॉटला साधारण दोन हेक्टर जागा, वर्षाला पंधरा-सोळा लाख युनिट, आणि युनिटला तीन रुपयांच्या आसपास दर. म्हणजे पंचेचाळीस लाखांहून जास्त उलाढाल, त्यात जमीनवाल्याचे अडीच लाख. यावरून लगेच 'लुटलं, लुटलं' म्हणून ओरडू नये. मेगावॉटमागे कोट्यवधींचं भांडवल लागतं, कर्ज असतं, व्याज असतं. ओरडण्यात आपण तसे पटाईत आहोतच. पण पाच टक्क्यांऐवजी सहा मागायचे की नाही, वाढ तीनची चारवर आणा म्हणायचं की नाही, हे ठरवायला आधी पाच हा आकडा दिसायला तर हवा.

आकडा दुसऱ्याच्या हाती राहिला की काय होतं, ते शिंदखेडा तालुक्याने पाहिलंय. विखरणच्या धर्मा पाटलांची पाच एकर जमीन वीज प्रकल्पासाठी गेली आणि मोबदला मिळाला चार लाखांच्या घरात. शेजारच्या जमिनींना त्याच्या कितीतरी पट मिळाला होता. आपली आंब्याची बाग मोजणीत धरलीच नाही, हे सांगत चौऱ्याऐंशी वर्षांचा तो म्हातारा कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिला. २२ जानेवारी २०१८ ला त्यांनी मंत्रालयात विष घेतलं, २८ ला ते गेले. मग पुढारी आले, कॅमेरे आले, फेरमूल्यांकनाची घोषणा झाली. दोष यंत्रणेचा, यात शंका नाही. पण मला आपल्यालाही एक विचारायचंय. या सगळ्या वर्षांत आपल्या दोन जिल्ह्यांतल्या इतक्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून, पॉलिटेक्निकांतून, विद्यापीठातून कुणी चार मुलं विखरणला गेली का? गट नंबर, झाडं, विहिरी आणि मिळालेली रक्कम यांचा एक साधा तक्ता कुणी मांडला का? तो तक्ता एका म्हाताऱ्याच्या पिशवीत असता, तर पुढचं सगळं वेगळं घडलं असतं असं मी म्हणत नाही. निदान तो एकटा तरी नसता.

असा तक्ता मांडणारी माणसं महाराष्ट्राने पाहिलेली आहेत. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प आला तेव्हा सभा गाजत होत्या, मोर्चे निघत होते. त्या गदारोळात पुण्याच्या 'प्रयास'मधले गिरीश संत आणि त्यांचे सोबती करार घेऊन बसले. रुपया घसरला तर काय? इंधन महागलं तर काय? राज्याच्या वीज मंडळाला वीज लागलीच नाही, तरी स्थिर आकार किती द्यावा लागेल? हे त्यांनी वर्षावर्षाने मांडून दाखवलं. १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. मंडळाचं कंबरडं मोडलं ते नेमक्या त्याच रकान्यांत. संतांनी कधी दगड उचलला नाही. पण घोषणा विसरल्या गेल्या, आणि ते कोष्टक आजही कामाला येतं.

आकड्यांचा खेळ एकटा शेतकरी करत नाही, हेही सांगायला हवं. राज्यातल्या लाखो शेतीपंपांना मीटर नाही, त्यांचं बिल एचपीवर होतं. मग शेतीने किती वीज वापरली, याचा अंदाजच करावा लागतो. या अंदाजात गळती आणि चोरी लपवली जाते आणि शेतकरी उगाच बदनाम होतो, असं इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि ग्राहक संघटना वीज नियामक आयोगापुढे वर्षानुवर्षे मांडत आल्या आहेत. आपण तारेवर आकडा टाकतो, तर कुणी तो कागदावर टाकतो. कागदावरचा काढायला बांबू पुरत नाही.

आता पोटापाण्याचं बोलू, कारण उपदेश ऐकून घेणारा बाप शेवटी हेच विचारतो, "सर, यात नोकरी आहे का?" आहे. आंतरराष्ट्रीय अपारंपरिक ऊर्जा संस्थेच्या मोजणीप्रमाणे २०२३ मध्ये जगभरात या क्षेत्रात १ कोटी ६२ लाख रोजगार होते, भारतात सुमारे दहा लाख. यातले सगळे काही छपरावर चढायचे नाहीत. विजेच्या बाजारात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याचा भाव निराळा. ब्राह्मणवेलची पाती उद्या दुपारी पावणेतीन ते तीनमध्ये किती वीज देतील, हे आज सांगावं लागतं, आणि अंदाज फार चुकला तर दंड बसतो. हे सांगणारा कुठल्या तरी महानगरात थंड खोलीत बसलेला असतो. त्या पठारावर आषाढात वारा कसा घोंगावतो आणि मार्गशीर्षात कसा पडतो, हे ज्याने लहानपणापासून अंगावर घेतलंय, तो पोरगा मात्र पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतो. धावू दे, वर्दीला माझा विरोध नाही. पण एका जागेमागे शंभर धावतात, तेव्हा त्यातल्या दहांनी दुसरी वाट पाहायला काय हरकत आहे?

वाट महागडी नाही. पायथन ही संगणकाची भाषा फुकट शिकता येते. जागतिक बँकेचा सौर नकाशा मोबाइलवर उघडतो. आपल्या गावावर बोट ठेवलं की तिथल्या उन्हाचा वर्षाचा हिशोब समोर येतो. आयटीआय झालेल्यांना सूर्यमित्रचं सहाशे तासांचं प्रशिक्षण आहे. इंजिनिअरांसाठी केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोची ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा आहे. आणि गिऱ्हाईक शोधायला पुण्याला जायला नको. जळगावच्या एमआयडीसीतल्या डाळ मिला, चटईचे कारखाने, पाइपवाले, सावदा-रावेरची केळी पिकवायची कोठारं, जिनिंग, या सगळ्यांच्या बिलात मागणी आकार असतो, पॉवर फॅक्टरचा फटका असतो, आणि आता दिवसा स्वस्त, संध्याकाळी महाग असा दरही आलाय. कुठलं मशीन किती वाजता चालवायचं, एवढं नीट सांगणाऱ्याला शेठ आनंदाने पैसे देईल. आमचे शेठ चहा पाजताना हात आखडतात, पण वाचलेल्या लाखातले दहा हजार द्यायला नाही.

"आकडे वाचून कुणाचं भलं झालंय?" असं एकदा एका आप्पांनी मला भर सभेत विचारलं. मी म्हटलं, अमळनेरला जाऊन या. १९४५ मध्ये तिथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. शेअरचा कागद ज्यांनी पेटीत जपला त्यांची घरं बदलली. आता सगळ्यांनीच तो वाचून जपला असं नाही, काहींनी नुसता विसरून जपला! पण दर वेळी विसरण्यावर भागत नाही. सौर पट्ट्याचा करार पेटीत पडून वाढत नाही, आतल्या आत घटतो. वर आपण मांडलंच आहे.

तेव्हा विनंती छोटीशी आहे. आज रात्री दाराजवळच्या त्या तारेतून या महिन्याचं बिल काढा. घरातल्या मुलाला, मुलीला, सुनेला बोलवा आणि स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, मागच्या बारा महिन्यांचे युनिट हे सगळं ओळीने मोठ्याने वाचायला सांगा. जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण करा. उद्या ते घेऊन वीज कचेरीत जा आणि खुणा केलेल्या ओळींचा अर्थ विचारा. आणि ग्रामसभेत जमिनीच्या भाडेपट्ट्याचा ठराव येईल, तेव्हा तोच कागद-पेन्सिलवाला मुलगा किंवा मुलगी पहिल्या रांगेत बसवा.