डावा हात वर करा

बसा. हजेरी नंतर घेईन. आधी डावा हात वर करा. तर्जनी मला दिसली पाहिजे.

बेचाळीस जण बसलेत आणि खूण अकरा बोटांवर. बाकीचे काल कुठे होतात? हुरड्याला? काल, 15 जानेवारीला, सुट्टी मतदानासाठी होती. कुणाच्या मळ्यात आगटी पेटवायला नव्हती.

एप्रिल 2020 मध्ये आपल्या महापालिकेची मुदत संपली. आधी कोरोना, मग प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाचे खटले. पावणेसहा वर्षं या शहराला एक नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या, असं राज्यघटना सांगते. जायकवाडी धरण उशाशी असून नळ कोरडा, म्हणून रोज माझ्यापुढे कुरकुरता. पण जाब विचारायला आपण निवडलेलं माणूसच नाही, याबद्दल एकाने तरी कधी तोंड उघडलं? आणि 115 जागांसाठी मतदान आलं, तर गाड्या काढून गावाबाहेर!

परवा, 14 तारखेला, विद्यापीठाच्या गेटपाशी फोटो मात्र काढलेत. त्या गेटवर बाबासाहेबांचं नाव कसं लागलं, ठाऊक आहे? 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरं जाळली गेली. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंचा जीव घेतला. 1993 मध्ये नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. त्यानंतर, 14 जानेवारी 1994 ला, नाव लागलं. आणि ज्यांचं ते नाव, त्या बाबासाहेबांनी 1928 मध्येच सायमन कमिशनपुढे प्रत्येक प्रौढ माणसासाठी मताचा हक्क मागितला होता. आज त्यांच्यापुढे हात जोडता आणि उद्या तोच हक्क वाऱ्यावर सोडता? मला तुमची लाज वाटते.

‘एका मतानं काय होतंय, सर?’ कोण बोललं? उभा राहा.

1938 साली याच शहरातल्या किलेअर्कच्या इंटरमिजिएट कॉलेजातली पोरं तुझ्याच वयाची होती. निजामाच्या राज्यात सरकार निवडायचा हक्क त्यांना नव्हता, त्यांच्या बापालाही नव्हता. वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणायचं नाही, असा हुकूम आला. त्यांनी म्हटलं. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठातही पोरं उठली, नावं कमी झाली. शिक्षणासाठी नागपूर गाठावं लागलं, पण माफी लिहून दिली नाही. तुला तर काल फक्त घराजवळच्या शाळेपर्यंत चालत जायचं होतं.

बस खाली. वह्या काढा.

आज मोजणी आहे. संध्याकाळपर्यंत तुमच्या प्रभागातून कोण निवडून आलं ते कळेल. त्यांच्या नावानं पाण्याचा अर्ज लिहा: नळ किती दिवसांनी येतो, किती वेळ येतो, तारखांसकट. मोबाइलवरून उतरवलेला चालणार नाही. एक प्रत महापालिकेत द्या, दुसरीवर आवकचा शिक्का घेऊन सोमवारी मला दाखवा.

मत दिलेल्या अकरा जणांनीसुद्धा.