आधी लॉग वाच, मग निकाल दे

उभा राहा. पाठीमागे काय बघतोस, मी तुझ्याशीच बोलते आहे. काल लॅबमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना काय सांगत होतास? ‘लिनक्सवर गेमिंग होत नाही, उगाच वेळ घालवू नका.’ तिसऱ्या वर्षाला आहेस तू. ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर देऊन बसला आहेस. त्या मुलांना कर्नल म्हणजे काय हेही अजून धड माहीत नाही. तू बोललास की त्यांना ते खरं वाटतं. आणि तू? उचलली जीभ, लावली टाळ्याला.

काय काय केलंस ते मला कळलं आहे, तेव्हा थापा नकोत. ड्रायव्हर हवा म्हणून विंडोजच्या सवयीनं थेट एनव्हिडियाच्या साइटवर गेलास आणि रन फाइल उतरवलीस. डिस्ट्रोच्या रेपॉझिटरीत तेच पॅकेज तपासून ठेवलेलं असतं, ते बघितलंसुद्धा नाहीस. कर्नल बदलला की ड्रायव्हरचं मॉड्यूल पुन्हा बांधणाऱ्या डीकेएमएसमध्ये त्याची नोंद करायची का, असं इन्स्टॉलरनं विचारलं. न वाचता ‘नाही’ दाबलंस. आठवड्यानं कर्नल अपडेट झाला, मॉड्यूल जुन्या कर्नलचंच राहिलं आणि स्क्रीन काळी. मग म्हणे लिनक्स अपडेटनं बिघडतं!

पुन्हा सगळं टाकलंस, या वेळी पॅकेजमधून. तेव्हा सिक्युअर बूट चालू होतं. सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही, म्हणून रीस्टार्ट झाल्यावर एक निळी स्क्रीन येते आणि सहीची की नोंदवायची का ते विचारते. ती बघून घाबरलास आणि पुढे गेलास. ड्रायव्हर चढलाच नाही. तुझं आरटीएक्स ३०५० कार्ड झोपून राहिलं, गेम इंटेलच्या चिपवर सरपटत चालला, आणि तू जाहीर केलंस की लिनक्स स्लो आहे.

तिसरी गोष्ट तर कमाल आहे. साठ-सत्तर जीबी पुन्हा डाउनलोड करायला नकोत म्हणून स्टीमची लायब्ररी विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवरच ठेवलीस. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा स्टीमचा प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी विंडोजसारखी एक छोटी मांडणी करतो. त्यात सिमलिंक असतात, नावांत कोलन असतात, फाइलींच्या परवानग्या लागतात. एनटीएफएसवर हे सगळं अडखळतं. वर विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं की ते पार्टिशन पूर्ण बंदच झालेलं नसतं, त्यामुळे लिनक्स त्यावर लिहायला तयार होत नाही. तीन चुका, तिन्ही तुझ्या, आणि तिन्हींचं कारण लॉगमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं. वाचलास एकदा तरी?

आता तू एका वाक्यात मोडीत काढलंस ते काय आहे, तेही ऐक. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनचं काम १९९३ साली सुरू झालं. तुझा जन्म व्हायच्या कितीतरी आधी. २०१६ मध्ये व्हल्कन आलं आणि ग्राफिक्स कार्डाशी बोलायला एक खुला, वेगवान मार्ग मिळाला. मग फिलिप रेबोले नावाच्या एका तरुणाला ‘निअर : ऑटोमाटा’ हा गेम लिनक्सवर खेळायचा होता. चालत नाही म्हणून तो ज्युनिअर मुलांना उपदेश करत बसला नाही. त्यानं डायरेक्टएक्सच्या आज्ञा व्हल्कनमध्ये बदलणारं डीएक्सव्हीके लिहिलं. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं ते उचललं, वाइनला जोडलं, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन दिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक बाजारात आला. आर्च लिनक्सवर उभं राहिलेलं यंत्र हातात धरून लोक विंडोजसाठी लिहिलेले गेम खेळतात, आणि अनेकांना खाली लिनक्स आहे याची जाणीवही नसते. व्हॉल्व्हच्या स्वतःच्या पाहणीत ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टीमवरच्या लिनक्सचा वाटा ३ टक्क्यांच्या वर गेला. हसू नकोस. तीन टक्के थोडेच आहेत, पण तुझ्या म्हणण्याप्रमाणे तो आकडा शून्य असायला हवा होता.

तुझ्या लॅपटॉपवर लिनक्सच्या जनकाचं, लिनस टॉरवाल्ड्सचं, ते मधलं बोट दाखवणारं स्टिकर आहे, ते मी रोज बघते. २०१२ साली फिनलंडमध्ये आल्टो विद्यापीठात एनव्हिडियाला उद्देशून त्यानं ते दाखवलं होतं. फोटो चिकटवायला काही लागत नाही, त्यामागचं भांडण समजून घ्यायला डोकं लागतं. एनव्हिडिया आपलं कार्ड आतून कसं चालतं ते सांगत नव्हती. नूव्हो हा खुला ड्रायव्हर लिहिणारे लोक कार्डाचं वागणं बघून बघून ड्रायव्हर रचत होते. नंतर कंपनीनं फर्मवेअरवर स्वतःची सही सक्तीची केली. ती नसेल तर कार्ड आपला वेग वाढवायलाच तयार होत नव्हतं. मग नूव्होवाल्यांनी कितीही घाम गाळला तरी गेम रांगतच राहायचे. याच काळात एएमडीनं २०१५ मध्ये आपला नवा खुला ड्रायव्हर मुख्य कर्नलात दिला. त्यावरचा रॅडव्ही हा व्हल्कन ड्रायव्हर तर कंपनीबाहेरच्या लोकांनी लिहायला घेतला, आणि आज स्टीम डेक त्यावरच चालतो. एनव्हिडियानं मे २०२२ मध्ये कर्नलमधला भाग खुला केला, ट्युरिंग आणि त्यापुढच्या कार्डांसाठी. म्हणजे तुझं कार्डही त्यात बसतं. कर्नलच्या वरचा मोठा भाग मात्र बंदच राहिला; त्याला पर्याय म्हणून मेसा या खुल्या ड्रायव्हरांच्या संचात एनव्हीके हा व्हल्कन ड्रायव्हर वाढतो आहे.

आणि सगळं खुलं केलं की प्रश्न संपतो, असंही समजू नकोस. एएमडीनं एचडीएमआय २.१ साठी खुल्या ड्रायव्हरात काम करून ठेवलं होतं. एचडीएमआय फोरमनं २०२४ मध्ये ते प्रसिद्ध करायला परवानगी नाकारली. कार्ड सक्षम, केबल सक्षम, टीव्ही सक्षम, कोडही लिहून तयार, तरी ४के चित्र १२० हर्ट्झवर जाईना. हा दोष लिनक्सचा म्हणायचा का?

आता त्या गेमांकडे वळू, ज्यांच्यासाठी तू एवढा उड्या मारतोस. एपेक्स लेजेंड्स लिनक्सवर दोन वर्षांहून अधिक काळ चालत होता. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं तो लिनक्सवर बंद केला. जीटीए ऑनलाइनला सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय हे अँटिचीट जोडलं, आणि त्या दिवसापासून लिनक्सवाले बाहेर. खरं तर बॅटलआय आणि इझी अँटिचीट या दोघांनी २०२१ मध्येच प्रोटॉनला पाठिंबा दिला आहे. फक्त गेमच्या कंपनीनं तो आपल्या गेमसाठी चालू करावा लागतो. काहींनी केला, काहींनी केला नाही. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड हे अँटिचीट तर विंडोज सुरू होतानाच कर्नलात जाऊन बसतं, त्यामुळे वाइनचा प्रश्नच येत नाही. तेच २०२४ मध्ये लीग ऑफ लेजेंड्सला लावलं, आणि वर्षानुवर्षं वाइनवर खेळणारे एका दिवसात परके झाले. हे गेम चालत नाहीत, की चालू दिले जात नाहीत? इंजिनीअरनं या दोन गोष्टी एका वाक्यात कोंबायच्या नसतात.

कंपन्यांची बाजूही ऐक, नाहीतर उद्या तिकडच्या टोकाला जाऊन उभा राहशील. लिनक्सचा कर्नल ज्याचा तो बदलून बांधू शकतो. चीट करणारा कर्नलच स्वतःचा घेऊन आला, तर त्यावर बसलेल्या पहारेकऱ्यानं विश्वास कशावर ठेवायचा? ही अडचण खरी आहे. पण कर्नलात शिरायची किंमतही खरी आहे. गेन्शिन इम्पॅक्टच्या अँटिचीटचा सही असलेला ड्रायव्हर २०२२ मध्ये रॅन्समवेअरवाल्यांनी उचलला आणि त्याच्या आधारे अँटिव्हायरस बंद पाडले. ज्याच्या मशीनवर तो गेम कधीच नव्हता, त्याच्यावरही तो ड्रायव्हर नेऊन ठेवता येत होता. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल कर्नलातल्या ड्रायव्हरनं वाचली आणि जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन आडवी झाली. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले. असा ड्रायव्हर एका गेमसाठी आत घेताना तू ‘आय ॲग्री’ किती सेकंदांत दाबतोस?

आणि डीआरएम, म्हणजे गेमची नक्कल रोखणारं कुलूप. डेनुवो हे त्यातलंच एक; ते लावलेले बरेच गेम प्रोटॉनवर चालतात. पण प्रोटॉनची आवृत्ती बदललीस की डेनुवोला ते नवं मशीन वाटतं, आणि एका दिवसात फार वेळा बदललीस तर तुझाच विकत घेतलेला गेम तुला दिवसभर कुलूपबंद. हे फक्त लिनक्सचं दुखणं आहे का? मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये विंडोज १० आणताना सेफडिस्क या सीडींवरच्या जुन्या डीआरएमचा ड्रायव्हर सुरक्षेसाठी काढून टाकला. लोकांच्या कपाटातल्या अस्सल सीड्या विंडोजवरच चालेनाशा झाल्या. युबिसॉफ्टनं मार्च २०२४ मध्ये ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर बंद केले, मग एकट्यानं गाडी पळवायचीही सोय राहिली नाही. तिथे कुठली ऑपरेटिंग सिस्टिम होती याला काही अर्थ नव्हता.

तू मान हलवतोस, पण तुझ्या पेन ड्राइव्हमध्ये काय आहे तेही मला ठाऊक आहे. क्रॅक. कुणी बनवला माहीत नाही, आत काय भरलं माहीत नाही, अँटिव्हायरस बंद करून, ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी देऊन चालवतोस. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५अ आलं. असं संरक्षण हक्कभंगाच्या हेतूनं फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. डीआरएमवर राग असेल तर जीओजीवर डीआरएम नसलेले गेम पैसे देऊन मिळतात. तिथून घे. फुकट घेऊन वर तत्त्वाच्या गप्पा मारू नकोस.

आणि मागच्या बाकावरचा तू! फार हसू येतंय ना? उभा राहा. ‘लिनक्सवर सगळं चालतं’ म्हणत रूममेटचं विंडोज पुसून टाकलंस. तो रोज व्हॅलोरंट खेळतो हे तुला माहीत होतं. कुठला गेम प्रोटॉनवर कसा चालतो ते लोक नोंदवतात त्या प्रोटॉनडीबी साइटवर त्याच्या गेमांची नावं टाकून बघायला दोन मिनिटं लागली असती. याला लॉग वाचायचा कंटाळा, तुला खरं सांगायचा. तुझ्यामुळे जो एक मुलगा लिनक्सवर चिडला, तो आता परत त्याच्याकडे बघणार नाही.

दोघांनी मिळून करायचं. शुक्रवारच्या सबमिशनपर्यंत पाच गेम निवडा; त्यांतले निदान दोन ऑनलाइन असू देत. जर्नलमध्ये प्रत्येकापुढे चार रकाने आखा : ड्रायव्हर, प्रोटॉन, अँटिचीट, डीआरएम. गेम कुठल्या रकान्यात अडला, कुणी अडवला, आणि ते तुम्ही कशावरून म्हणता, हे लिहा. प्रत्येक नोंदीखाली लॉगच्या ओळी चिकटवलेल्या हव्यात. ‘चालत नाही’ किंवा ‘मस्त चालतो’ एवढंच लिहिलेलं पान दिसलं, तर त्या पानावर माझी सही होणार नाही. बसा.