फुगवटा

छातीच्या एक्स-रेत हृदयाची झडप दिसत नाही. कॅल्शियम साचून ती कडक झाली असेल तर निराळे. एरवी रक्त, स्नायू, झडप यांची सावली एकच. तरीही डाव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली मायट्रल झडप आकसली आहे हे जाणता डॉक्टर त्याच फिल्मवरून ओळखतो. नदीचा पूर पाहून वर पाऊस झाला असणार हे ताडावे, तसे. हे उदाहरण वात्स्यायनाच्या न्यायभाष्यातले. कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या या अनुमानाला तिथे 'शेषवत्' म्हटले आहे.

फिल्म उजेडासमोर धरा. हृदयाच्या डाव्या कडेवरचा खोलगट बाक भरून कड सरळ झालेली असते. उजव्या कडेशी एका सावलीत दुसरी सावली दिसते: तो फुगलेला डावा वरचा कप्पा. श्वासनलिका दुभंगते तिथला कोन रुंदावतो, कारण याच कप्प्याने खालून डावी फांदी उचललेली असते. फुप्फुसांच्या वरच्या भागातल्या रक्तवाहिन्या ठसठशीत होतात. आणि तळाशी, छातीच्या अगदी कडेला, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या आडव्या बारीक रेघा. पीटर कर्ली या आयरिश डॉक्टरने १९३३ साली त्यांचे वर्णन केले. आजही त्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. धरणाचे दार अडले की पाणी मागे मागे चढते आणि दूरच्या शिवारात ओल दिसू लागते. या रेघा म्हणजे फुगवट्याचे शेवटचे टोक. मला त्या पाहताना दर वेळी दम लागून उशाला टेकून बसलेला माणूस आठवतो.

फसवते ती महाधमनीची झडप. ती आकसली की डाव्या खालच्या कप्प्याची भिंत आतल्या आत जाड होते. हृदयाची रुंदी छातीच्या निम्म्याच्या आत राहते, आणि रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहिले जाते. पूर नाही म्हणून पाऊसही नाही, असे न्यायशास्त्र म्हणू देत नाही.

१९५३ मध्ये स्वीडनमधल्या लुंड येथे एडलर आणि हर्ट्झ यांनी धातूतले दोष शोधणारे ध्वनियंत्र माणसाच्या छातीवर लावले. तिथून इको आली, आणि झडपेची हालचाल प्रत्यक्ष दिसू लागली.

म्हणून सांगणे एवढेच: डॉक्टरांना ठोक्यांमध्ये मर्मर ऐकू आली असेल, तर एक्स-रे स्वच्छ आहे म्हणून थांबू नका, इको करून घ्या. आणि जुन्या फिल्म टाकू नका. नव्या फिल्मशेजारी त्या लावल्या की हृदय किती वाढले ते कळते.