गाळलेलं पाणी

आमच्या सासूबाई आडाचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळत. मग फडकं उलटं करून, वरून गाळलेलं पाणी ओतून, त्यातले जीव पुन्हा त्याच आडात सोडत. गाळणं आपल्या पोटासाठी नव्हतं, त्या जिवांसाठी होतं.

परवा बस्तीत पूजेनंतर पाण्याच्या बाटल्या वाटल्या. एक वहिनी म्हणाल्या, "गाळायची कटकट नाही, शुद्धच येतं." पाणी शुद्ध, पण बाटली? ती खनिज तेलापासून होते. आधी परीक्षानळीसारखी जाड नळी ओततात, मग तापवून साच्यात हवेनं फुगवतात. तेल उपशापासून इथवर किती इंधन, किती धूर! आणि आपण पाच मिनिटांत ती फेकतो.

"आपण कुठं बनवतो?" पण कृत, कारित, अनुमोदित असे हिंसेचे तिन्ही प्रकार आपण पाठशाळेत शिकलोय ना? बाटली विकत घेणं म्हणजे पुढची बनवा म्हणून सांगणंच.

कारखान्यांनी बाटल्या हलक्या कराव्यात. २०२५-२६ पासून कडक प्लास्टिकच्या वेष्टनात किमान ३० टक्के पुनर्वापराचं प्लास्टिक हवं, असा सरकारी नियमही आहे. त्यानं हिंसा घटते. पण अनर्थदंड सुटत नाही. प्रवासात, आजारपणात घेतलेली बाटली गरजेची. बस्तीत आड असताना घेतलेली बिनकारणाची.

खरं तर बाटली आली ती पेले घासायच्या कंटाळ्यानं. माझ्याही. येत्या अष्टमीला मी घासायला बसणार आहे. कोण येतंय सोबत?