सुई कुणासाठी?

साधा सवाल आहे. डुकराला रोगाची लस टोचतात, ती कुणासाठी? डुकरासाठी, की बाजारभावासाठी?

हसू नका. 'डुक्कर' ही शिवी आपल्या वाट्याला पुष्कळ आलीय. म्हणून या जनावराचा विचार आपणच नीट केला पाहिजे. पांढरपेशे करणार नाहीत, त्यांना वास येतो.

आधी माहिती. एरिसिपेलस नावाचा डुकरांचा रोग आहे. ताप चढतो, कातडीवर शंकरपाळ्यासारखे लाल चट्टे उठतात, जनावर पटकन मरतं. १८८२ साली फ्रान्सात बोलेन गावी लुई पाश्चर नि त्याचा तरुण मदतनीस लुई त्युइलिए या रोगामागे लागले. एका सशातून दुसऱ्या सशात असा तो जंतू नेत गेले. सशाला तो जहाल झाला, डुकराला मवाळ. हा मवाळ जंतू टोचला की डुक्कर खऱ्या रोगाला तोंड देतं. १८८३ त लस जाहीर झाली. त्याच साली त्युइलिए कॉलऱ्याचा शोध घ्यायला इजिप्तला गेला नि अलेक्झांड्रियात कॉलऱ्यानंच मेला. वय २७. आपल्याच वयाचा पोरगा.

दुसरी गोष्ट. पोटातल्या पिलाला डुकरिणीच्या रक्तातून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही. ती मिळते जन्मल्यावर, पहिल्या चिकातून. म्हणून गाभण डुकरिणीला विण्याआधी ई-कोलायची लस देतात. टोचायचं आईला, हगवणीतून वाचायचं पिलानं. किती सुंदर युक्ती!

पण मालकाची वही उघडा. मिलमध्ये आम्ही साच्याला तेल देतो. ते प्रेम नव्हे. साचा थांबला की कापड थांबतं, कापड थांबलं की नफा. बंद शेडमध्ये हजारो डुकरं कोंबणाऱ्याची सुई ही असलीच तेलाची धार. कोंडलेल्या हवेत मायकोप्लाझ्मा जंतूचा फुप्फुसरोग पसरतो, त्यावरही लस आहे. जागा वाढवायला पैसा लागतो, सुई स्वस्त पडते. मग सुई टोचा नि कोंबत रहा.

इथं माझं डोकं अडतं. साच्याला दुखत नाही, डुकराला दुखतं. मालकाच्या मनात नफा असला तरी डुकराचा ताप टळतो, हे खोटं कसं म्हणू? हेतू काळा म्हणून सुई फेका म्हणणारा शहाणा नव्हे. परिणाम चांगला म्हणून मालक दयाळू म्हणणाराही नव्हे. हेतू नि परिणाम दोन्ही तपासावे लागतात.

आता लेप्टोस्पायरोसिस घ्या. उंदीर, गुरं, डुकरं यांच्या मुतातून हा जंतू पाण्यात येतो, कातडीवरच्या जखमेतून माणसात शिरतो. २००५ च्या जुलैतल्या पुरानंतर मुंबईनं तो भोगला. या रोगानं डुकरीण गाभ टाकते. गाभ गेला की मालकाचं नुकसान. म्हणून कित्येक देशांत डुकरिणीला त्याची लस मिळते.

आणि गटारात उतरणारा आपला भाऊ? फ्रान्सात गटार कामगारांना लेप्टोची लस देतात. म्हणजे विज्ञान अडलेलं नाही. खरंय, मुलखागणिक या जंतूच्या जाती वेगळ्या, तिकडची सुई जशीच्या तशी इथं चालेल असं नाही. पण डुकरिणीसाठी खटपट झालीच ना? आपल्याकडे पूर आला की गोळ्या वाटतात. २०१३ च्या कायद्यानं संरक्षणाशिवाय गटारात उतरवायला बंदी केली. ऑक्टोबर २०२३ त सुप्रीम कोर्ट म्हणालं, गटारात मेलेल्याच्या घरच्यांना ३० लाख द्या. मेल्यावरची किंमत ठरली. जिवंतपणीचं काय? डुकरीण आजारी पडली तर मालक बुडतो. भाऊ आजारी पडला तर गेटावर दुसरा बदली उभाच असतो.

म्हणून डुकराचा हेवा करायचा? अजिबात नाही! मटणाचा भाव पडला की त्याचीही सुई बंद. आणि पालावर दोनच डुकरं पाळणाऱ्या कैकाडी बाईच्या दारात लशीची बाटली घेऊन कोण येतो? तिच्या डुकराला काय कमी दुखतं?

माझ्यापुरती कसोटी मी ठरवलीय. भाव उतरल्यावरही जी टिकते ती नीती. भावाबरोबर जी जाते ती नुसती देखभाल, साच्याची.

डुकराला सुई द्या, त्याला दुखतं म्हणून. माणसाला द्या, त्याचा हक्क आहे म्हणून. हा हक्क मागायला आपल्याला मालक असावा लागत नाही. आणि दोस्तहो, मालक नसणं ही आपली कमजोरी नाही. तिथूनच तर आपली माणुसकी सुरू होते.