किळसेची आस

२००५ साली दिग्दर्शक क्रिस कनिंगहॅमचा ‘रबर जॉनी’ डीव्हीडीवर आला, तेव्हा तो पाहण्याआधीच त्याच्या धास्तीची चव घेत बसलेले चाहते बरेच होते. लघुपट जेमतेम सहा मिनिटांचा, वाट मात्र काही वर्षांची. इलेक्ट्रॉनिक संगीतकार एफेक्स ट्विनच्या २००१च्या ‘ड्रक्स’ अल्बमसाठी तीस सेकंदांची जाहिरात करायला घेतली होती, ती वाढत गेली.

या चाहत्यांची भूक आधीच्या कामाने वाढवलेली होती. एफेक्स ट्विनसाठीच केलेला ‘कम टू डॅडी’चा व्हिडिओ (१९९७) लंडनच्या थेम्समीड वसाहतीत घडतो. स्टॅन्ली क्युब्रिकने ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’साठी निवडलेलंच हे काँक्रीटचं जंगल. तिथे एकाच माणसाचा, म्हणजे संगीतकाराचा, चेहरा लावलेली पोरं टोळीने हिंडतात आणि टाकून दिलेल्या टीव्हीतून निघालेलं हडकुळं भूत एका म्हातारीच्या तोंडावर किंचाळतं. ‘विंडोलिकर’मध्ये (१९९९) तोच दाढीवाला हसरा चेहरा बिकिनीतल्या बायकांना चिकटला. पुढे कनिंगहॅम कलादालनांकडे वळला. ‘फ्लेक्स’ लंडनच्या रॉयल अकॅडमीत, ‘मंकी ड्रमर’ व्हेनिसच्या बिएनालेत. टीव्हीसमोर बसणाऱ्याच्या वाट्याला काहीच नाही. कल्ट म्हणतात तो अशा उपासमारीवरच पोसतो.

आणि वाट कशाची, तर ‘या वेळी आणखी किती?’ याची. मला ही अपेक्षाच चुकीची वाटते. भीतीचा लिलाव मांडला की दिग्दर्शकाने दर वेळी बोली चढवायची आणि प्रेक्षकाने दर वेळी थोडं अधिक बधिर व्हायचं. ‘रबर जॉनी’ या लिलावात हरतोच. कॅमेऱ्याच्या काचेवर चेंदला जाणारा चेहरा पहिल्यांदा दचकवतो. दुसऱ्यांदा आपण त्यातली कारागिरी न्याहाळू लागतो.

अर्थात न्याहाळण्यासारखी कारागिरी आहेच. कनिंगहॅम घडला स्पेशल इफेक्ट्सच्या कार्यशाळांत. ‘एलियन ३’वर त्याने काम केलं, क्युब्रिकसाठी ‘ए.आय.’च्या यंत्रमुलावरही. शरीर त्याच्या लेखी आधी साहित्य असतं, मग पात्र. म्हणून त्याच्याकडे हिंसा कथेत नसते, संकलनात असते. ड्रमचा प्रत्येक ठोका एखाद्या अवयवाला झटका देतो, मांस तालावर तुटतं-जुळतं. या लघुपटातला जॉनीही झालाय कनिंगहॅम स्वतःच.

पण सहा मिनिटांत मला अस्वस्थ करणारी जागा वेगळी आहे. प्रचंड डोक्याचा, व्हीलचेअरमध्ये खिळलेला हा मुलगा अंधाऱ्या खोलीत कोंडलेला. सोबतीला एक चिवावा. सुरुवातीला न दिसणारा कुणी पुरुष समजुतीच्या सुरात त्याला प्रश्न विचारतो, मुलगा बिथरतो. नंतर एकटा सापडल्यावर तो बेभान नाचू लागतो. मध्येच दार उघडतं, कुणीतरी ओरडतं आणि नाच जागच्या जागी थिजतो. घरात कुणी येण्याची चाहूल लागताच अंग चोरणाऱ्या कुठल्याही मुलासारखा.

नाट्यशास्त्र बीभत्सातून भयानकाची उत्पत्ती सांगतं. कनिंगहॅमचे चाहते नकळत याच सूत्रावर विसंबून होते. इथे मात्र बीभत्स वळतो तो करुणाकडे, आणि वाटेत हास्यालाही शिवून जातो. त्यासाठी मनाची तयारी कुणी केलेली नव्हती.

विकलांग शरीराचा हा तमाशाच नव्हे काय, असं कुणी विचारलं तर मी ‘नाही’ म्हणणार नाही. डीव्हीडीसोबत आलेल्या बेचाळीस पानी पुस्तकातल्या विद्रूप आकृत्या तमाशाचीच हौस भागवतात. तिथे ना दार आहे, ना ओरडणारा माणूस. ते पुस्तक आधी चाळून मग लघुपट पाहिला, तर जॉनी एक नमुना म्हणूनच दिसण्याची शक्यता जास्त. वाट पाहणाऱ्यांपैकी अनेकांना तो तसाच हवा होता, आणि विकणाऱ्यांनी त्यांना निराश केलं नाही.