वारसा, उसनवार आणि निवाडा

मनुष्यास गुण दोन वाटांनी लाभतात; काही जन्माने, काही सहवासाने. पहिल्यास आपण वारसा म्हणतो. दुसऱ्यास संगणकाच्या आज्ञावली रचणाऱ्यांनी 'मिक्सिन' असे नाव दिले. अमेरिकेतील सॉमरव्हिल येथे आइसक्रीममध्ये गिऱ्हाइकाच्या पसंतीचे जिन्नस मिसळून देणारे एक दुकान होते. तेथला हा शब्द एमआयटीतील तज्ज्ञांनी उचलला. आज्ञावलीतील एखाद्या वर्गाने आपल्या पितृवर्गाखेरीज अन्यत्रूनही वर्तन घ्यावे, पण त्यासाठी वंशज होऊ नये, असा त्याचा आशय.

हैदराबादकरांस हे अपरिचित नाही. दखनी ही मराठीची कन्या नव्हे. तरी 'ऐसाइच' म्हणताना ती आमचा 'च' वापरते. हा 'च' एकटा उभा राहत नाही, त्याला आधी एखादा शब्द लागतो. मिक्सिनचाही नियम तोच. घेणाऱ्याचे स्वतःचे काही असेल तरच तो चालतो.

पण दोन ठिकाणांहून एकाच नावाचे दोन व्यवहार आले तर? 'रुबी' या संगणकभाषेत जो शेवटी मिसळला तो चालतो. आधीचा मुकाट्याने झाकला जातो. २००३ साली चौघा संशोधकांनी 'ट्रेट' ही कल्पना मांडताना हा क्रमाचा न्याय नाकारला. अशा संघर्षात घेणाऱ्याने स्वतः निवाडा लिहावा, असे त्यांनी ठरविले. त्यांचा दुसरा नियम अधिक कठोर आहे: उसना ट्रेट वारशावर मात करतो, आणि ट्रेटवर मात करते ती फक्त घेणाऱ्याने स्वतः केलेली व्याख्या.

आमच्या घरांत काय घडते? वडिलांच्या बहिणीस आत्या, फूफी, अत्ता आणि आंटी अशी चार संबोधने उपलब्ध आहेत. बहुतेक घरांत 'आंटी' जिंकते, कारण ती शेवटी आली. तिच्याखाली आत्या, मावशी, काकू, मामी हे भेदही झाकले जातात. हे कोणी ठरविलेले नसते.

मिसळण्यात आम्हांस दोष दिसत नाही. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात आमच्या वडीलधाऱ्यांनी उर्दूतून शिक्षण घेतले. विवेकवर्धिनीसारखी मराठी शाळाही त्यांनी याच नगरात चालविली. कचेरीत उर्दू, बाजारात तेलुगू, घरात मराठी, हा त्यांनी केलेला निवाडा होता.

भाषा ठरवून टिकत नाही, असा आक्षेप घेतला जाईल. नगराची भाषा आपल्या हाती नाही, हे खरेच. परंतु नातवाने आत्यास काय म्हणावे, हे घराच्या हाती आहे. त्यासाठी थोडा वाद होईल. ट्रेटच्या नियमातही निवाडा लिहिल्याखेरीज काम पुढे सरकत नाही. विचारांती एखादे घर 'आंटी'च ठेवील. त्यास आम्ही अधर्म म्हणणार नाही. मात्र वारसा आपोआप टिकेल या भरवशावर गप्प राहणे, हे कर्तव्यच्युती होय. पूर्वजांचा शब्द राखायचा असेल, तर तो आपण आपला म्हणून पुन्हा उच्चारला पाहिजे.